दर्शन बंद आहे

आमच्या संग्रहालयातली सगळ्यात दुर्मिळ वस्तू लोकांना दिसू नये, यासाठी मला पगार मिळत होता. हे वाक्य मी निवृत्त झाल्यावरच मोकळेपणाने लिहू शकतो. नोकरीत असताना लिहिले असते, तर वरच्या मंडळींनी विचारले असते, की मग संग्रहालय चालवायचे कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर शोधण्यातच माझी नोकरी संपली. उत्तर सापडले तेही पुस्तकात नाही, एका निघून पडलेल्या अक्षरात.

कोल्हापुरातल्या एका जुन्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे आणि त्याला लागून एका लांबट खोलीत दगडांचे आणि खनिजांचे संग्रहालय. तिथे मी क्युरेटर होतो. माझे गाव आजऱ्याजवळचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे क्युरेटर म्हणजे काय, हे गावाला समजावून सांगायची जबाबदारीही माझ्यावरच आली. ती मला कधी पेलली नाही. गावात शेवटपर्यंत एकच व्याख्या चालत राहिली : "पोरगं एमेस्सी झालं आणि कोल्हापुरात दगडं राखतंय." हरभरा राखतात, आंबा राखतात, तसे दगड. आधी मला याचा राग यायचा. पुढे लक्षात आले, की याहून नेमकी व्याख्या मलाही करता आलेली नाही.

आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या टरफलात एक तेल असते. ते बोटांना लागले की कातडी जळते आणि काळी पडते. मग राख लावा, साबण लावा, तो डाग जात नाही. माझे शिक्षण त्या बोटांवर झाले. ही गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आमचे काम तसे साधे. दगड येतो. तो कोण आहे हे ठरवायचे, चिठ्ठी लावायची, जागेवर ठेवायचा आणि आला तसाच राहील एवढे बघायचे. ओळख पटवायला फार यंत्रे लागत नाहीत. नखाने ओरखडा उठतो का, चाकूने उठतो का, ते बघायचे. खरबरीत पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घासून कोणत्या रंगाची रेघ उमटते ते बघायचे. आम्लाचा थेंब टाकून फसफसतो का बघायचे. हातात तोलून बघायचा. काहीच जमले नाही तर जिभेला लावून बघायचा. ही शेवटची पद्धत शास्त्राला मान्य आहे, पण शाळेच्या सहलीसमोर ती वापरू नये. एकदा मी वापरली आणि नंतरचा अर्धा तास मुलांच्या तोंडातून दगड काढण्यात गेला.

लोकही दगड घेऊन येत. शाहूवाडीकडचे एक गृहस्थ टॉवेलात गुंडाळून काळा, चकचकीत, फोडफोड आलेला गोळा घेऊन आले.

"ही उल्का हाय," त्यांनी सांगितले. "आमच्या म्हाताऱ्यानं सवता पडताना बघितलीय."

मी बघितले. गुऱ्हाळाच्या चुलवाणात राख आणि माती वितळून जो काचेसारखा खंगर तयार होतो, तो होता. तसे सांगितले. गृहस्थांचा आवाज चढला.

"म्हंजे आमचा म्हातारा खोटं बोलतोय म्हणायचं काय?"

सगळे संग्रहालय माझ्याकडे बघू लागले. मी जरा विचार करून म्हणालो, "हे बघा पावणं, हा आभाळातला नाही. पण आगीतनं गेलेला आहे, हे नक्की. त्यांनी काहीतरी पेटतं बघितलं असणार."

"त्येच म्हणालोय की मी मगापासनं!" गृहस्थ खूश झाले. गोळा पुन्हा टॉवेलात गुंडाळून, मला उसाचा रस प्यायला यायचे आमंत्रण देऊन गेले. त्या दिवशी मला धंद्यातली एक गोष्ट कळली. नाव बरोबर सांगून भागत नाही, ते समोरच्याला घरी नेता येईल असे सांगावे लागते.

आता दस्तगीरविषयी. दस्तगीर आमच्या संग्रहालयाचा शिपाई. माझ्या आधीपासून होता आणि कोणत्याही सणाला माझ्या पुढे असायचा. खंडेनवमीला आमच्याकडे कारखान्याच्या बॉयलरपासून रिक्षापर्यंत सगळ्याला धुऊनपुसून हार घालतात. एका वर्षी मी सुट्टीला गावी गेलो होतो. दस्तगीरने मनाशी विचार केला, की विभागातली सूक्ष्मदर्शके धुता येत नाहीत, तर निदान दगड तरी धुवावेत. त्याने एक आख्खे कपाट बादलीत बुचकळून काढले. मी परत आलो तेव्हा सगळे दगड लखलखीत होते, प्रत्येकावर झेंडूचे फूल होते, आणि एका डबीत नुसतेच फूल होते.

"दस्तगीर, इथला दगड कुठाय?"

"त्येच बघालोय साहेब. धुताना हुता. पुसायच्या टायमाला न्हवता."

मी डबीवरची चिठ्ठी वाचली. सैंधव. म्हणजे मीठ.

"मीठ हुतं व्हय?" दस्तगीर उलट माझ्यावरच चिडला. "मग सैपाकघरात ठेवायचं. हितं दगडांत कशाला बसवलंय त्येला?"

मात्र त्या दिवसापासून त्याने प्रत्येक खनिजाचे पथ्यपाणी विचारायला सुरुवात केली. "साहेब, ह्येला पाणी चालतंय न्हवं? ह्येला ऊन सोसतंय का?" दवाखान्यात रोग्याविषयी विचारावे तसे. गमतीची गोष्ट अशी, की खनिज राखणे म्हणजे नेमके हेच असते. कुणाला पाणी चालत नाही, कुणाला दमट हवा सोसत नाही. आणि एकाला उजेड सोसत नाही.

तो एक म्हणजे व्हिव्हियनाइट. लोह, फॉस्फेट आणि पाणी मिळून झालेले खनिज. आमच्या भागात जमीन उकरली की एकतर काळा फत्तर निघतो नाहीतर तांबडा जांभा. असला स्फटिक इथे मिळायचा नाही. तो माझे गुरू इनामदार सर यांनी मिळवला होता. आपल्याकडे विहीर खणताना काळ्या फत्तराच्या पोकळीत पांढरे, हिरवट स्फटिक निघतात. आपण ते बांधावर फेकून देतो, पण बाहेरच्या देशांत त्यांना फार मान आहे. सरांनी तसले निवडक स्फटिक एका परदेशी संग्रहालयाला पाठवले आणि बदल्यात दक्षिण अमेरिकेतल्या खाणीतला हा दगड मागवला. आपणच समोरच्याला गंडवले, असे दोन्ही बाजूंना वाटत राहिले, इतका तो व्यवहार चांगला झाला.

दगड म्हणजे बोटाएवढ्या पात्यांचा झुबका. हिरव्या काचेच्या बांगडीसारखा रंग आणि आरपार दिसणारा. पण उजेड लागला की आतल्या लोहात बदल होतो. हिरवा आधी निळसर होतो, मग गडद, मग काळा. पुन्हा अंधारात ठेवला तरी गेलेला रंग परत येत नाही. आमच्या दगडाची पेटी येताना वाटेत कुठेतरी उघडली गेली असावी. त्याचे एक टोक दौतीत बुडवल्यासारखे काळेनिळे झाले होते. बाकीचा हिरवा होता. तो हिरवा राखणे, एवढेच माझे काम.

सरांनी मला तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा खिडक्या लावून घेतल्या, एक मिणमिणता दिवा लावला आणि पेटीचे झाकण उघडून लगेच मिटले. मग म्हणाले, "तुम्ही आत्ता बघितलात, तेवढा तो कमी झाला. हे मनात ठेवून दाखवत जा."

सर मला तुम्ही म्हणत. त्यांच्याआधी मला कुणी तुम्ही म्हटलेले नव्हते. पुढे सर वारले. त्यांचे ते वाक्य आणि तो दगड माझ्याकडे राहिला.

न दाखवण्याची वस्तू म्हटली की ती बघायची इच्छा सगळ्यांनाच होते. आमच्या जिल्ह्यात आणखी एक अडचण होती. फॉस्फेट हा शब्द इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एक ऊसवाले शेतकरी चिठ्ठी वाचून मला म्हणाले, "फॉस्फेट म्हंजे खतच की ओ."

"तसं म्हणायला हरकत नाही. पण हे दुर्मिळ आहे."

"दुर्मिळच असतंय. आडसाली लागणीच्या टायमाला सोसायटीत बगा, एक पोतं गावायचं न्हाय."

आमच्या कार्यालयाने एका पाहुण्यांसाठी माहितीपत्रक छापले, त्यात दगडाचे नाव 'विवाहनाईट' असे आले. ते पाहुणे माझ्या कानात म्हणाले, "हा बांधला की लवकर जमतं का हो? पुतणीसाठी विचारतोय."

आणि संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. मोठा माणूस, मोठा आवाज आणि मनही मोठे. संग्रहालयाच्या छपराची गळती त्यांनीच थांबवली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पण फॉस्फरस चमकतो, एवढे ते शाळेत शिकले होते आणि तेवढे मात्र विसरले नव्हते.

"अंधारात चमकत असंल की ह्यो?"

"नाही आबासाहेब. हा चमकत नाही."

"मग अंधारात ठेवलाय कशाला?"

"उजेडात काळा पडतो."

आबासाहेबांनी माझ्याकडे निरखून बघितले. "दगूड हाय का हळद लागलेली नवरी? उन्हात जायाचं न्हाय, कुणाला तोंड दाखवायचं न्हाय..." बरोबरची मंडळी हसली. मीही हसलो. मग त्यांनी झाकण उघडायला लावले, मोबाइलची बॅटरी मारून सगळ्या बाजूंनी नीट बघितला आणि म्हणाले, "चांगला हाय. जपा."

मी एकाच व्यक्तीला आपणहून दगड दाखवला. आई डोळे तपासायला कोल्हापुरात आली होती. माझी नोकरी तिने कधी पाहिली नव्हती. खिडक्या लावून, दिवा मंद करून मी झाकण उघडले. तिने वाकून बघितले. तिला सगळे समजावून सांगितले, अगदी सरांच्या शब्दांत. ती आपले दोन्ही हात पदराखाली घेऊन म्हणाली,

"बरं हाय बाबा ह्येचं. काळं पडतंय म्हणून कुणीतरी सावलीत तरी ठेवलंय."

मी झाकण लावले.

पुढे मोबाइल सगळ्यांच्याच हातात आले आणि माझी रात्रंदिवसाची शांतता गेली. मी कोपऱ्यात एक कोनाडा करून घेतला, त्यात काचेची पेटी, पुढे काळा पडदा आणि बाजूला पाटी : 'प्रकाशामुळे या खनिजाची हानी होते. कृपया प्रकाश पाडू नये.' कोपरा अंधारा असल्यामुळे पाटी वाचता येत नव्हती. म्हणून लोक ती वाचायला बॅटरी लावत. वाचून झाल्यावर लावलेली बॅटरी वाया कशाला घालवायची, म्हणून पडदा सारून आत बघत.

मी पाटी बदलली. नंबरप्लेट करणाऱ्याकडून रेडियमची मोठी पिवळी अक्षरे कापून आणली : 'प्रदर्शन बंद आहे'. दगड काढून खालच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि कोनाड्यात नुसता पडदा राहू दिला. तरी भांडणे चालूच. "बंद का हाय?" "आमी लांबनं आलोय." "सरकारी पैशावर चालतंय, उघडा की." एकाने माझ्या विरुद्ध माहितीच्या अधिकारात अर्जही केला. प्रकाशाने लोहाचे काय होते, याचे शास्त्रीय स्पष्टीकरण मी प्रत्येकाला देत असे. लोक ऐकून घेत आणि म्हणत, "ते झालं. पर आमी जरा बघितलं तर काय हुतंय?"

मग एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि पाटीवरचा 'प्र' निघून खाली पडला.

माझ्या ते लक्षात आले नाही. लक्षात आले ते लोकांचे वागणे. एक कुटुंब कोनाड्यापर्यंत गेले, थबकले आणि आवाज खाली आणून माघारी वळले. बाईंनी पोराच्या हातातला मोबाइल काढून घेतला. मागून आलेल्यांना त्या गृहस्थांनीच अडवले, "थांबा, दर्शन बंद हाय." त्यांनीही मान हलवली. कुणी विचारले नाही, का बंद आहे. देवाला नैवेद्य दाखवताना पडदा ओढतात, तेव्हा कुणी विचारते का?

मी पाटीजवळ जाऊन वाचले. मग फरशीवर पडलेला 'प्र' उचलला आणि खिशात घातला.

मी शाळाशाळांतून वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषणे देणारा माणूस. दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी दस्तगीर म्हणाला, "साहेब, पाटीवरचं एक अक्षर पडलंय. चिकटवू का?" मी म्हणालो, "राहू दे." त्याने माझ्याकडे बघितले, पाटीकडे बघितले आणि सगळे समजून गालातल्या गालात हसला. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्याला जरीची किनार लागली होती. मी त्याविषयीही काही बोललो नाही.

त्यानंतर आमचे दिवस सुखाचे गेले. परीक्षेच्या आधी विद्यार्थी पडद्यासमोर हात जोडून जात. त्यात भौतिकशास्त्राचेही असत. कोनाड्यात फुले पडू लागली. कुणी नाणे ठेवले की दस्तगीर ओरडायचा, "हितं पैसं टाकू नगा, दगूड हाय त्यो!" त्याचा उलटाच परिणाम व्हायचा. एकदा आबासाहेब मुंबईचे पाहुणे घेऊन आले. मी जागेवर नव्हतो. दस्तगीरने वाट अडवली आणि म्हणाला, "आबासाहेब, दर्शन बंद हाय." ज्या माणसाने माझे शास्त्र कधी मानले नव्हते, त्या माणसाने चपला काढल्या, लांबूनच नमस्कार केला आणि पाहुण्यांना सांगितले, "पुन्हा कधीतरी येऊ. योग असावा लागतोय."

कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी वर्षातून एकदा, सरांच्या पुण्यतिथीला, झाकण उघडून बघायचो. हिरवा तसाच होता.

एका गोष्टीचा मी विचार केला नव्हता. ज्याचे दर्शन बंद असते, त्याचे दर्शन कधीतरी उघडावे लागते. नाहीतर लोकांना ते देवस्थान वाटत नाही.

माझ्या निरोपाचा समारंभ संग्रहालयासमोरच्या हॉलमध्ये ठेवला होता. आमच्याकडे सत्कार म्हणजे फेटा आलाच. दस्तगीर तोवर निवृत्त झाला होता, पण फेटा बांधायला तो मुद्दाम आला. त्याच्या हाताची बांधणी घट्ट, मानेलाच ऐटीत राहावे लागते. त्याने गुलाबी फेट्याचा शेवटचा पेच खोचला आणि म्हणाला, "आता आठवडाभर सोडायचा न्हाय साहेब. आजऱ्यापत्तुर असाच जायाचं."

मी व्यासपीठावर बसलो. गळ्यात हार, अंगावर शाल, मांडीवर नारळ. समोर विद्यार्थी, प्राध्यापक, गावाकडची माणसे. दोन्ही बाजूंना व्हिडिओवाल्याचे दिवे. आबासाहेब बोलायला उठले.

"सरांनी उभी हयात एका दगडाला उजेडापासनं राखलं! आईनं लेकरू राखावं तसं राखलं! आमच्या पावण्यांना सुदीक बघू दिलं न्हाय!" टाळ्या. "पर आपल्या कोल्हापुरात काय हाय? अंबाबाईच्या पायाशी सुदीक वर्सातनं किरणं येतात. आपण वाट बघतो का न्हाय? मग ह्या दगडानं काय पाप केलंय? आज सरांच्या मानासाठी आमी ठरवलंय, आज ह्येचा बी किरणोत्सव!"

कार्यालयातला एक माणूस चांदीचे तबक घेऊन आला. वर रेशमी रुमाल होता. दुसरी किल्ली कार्यालयात असते, हे मी विसरलो होतो. रुमाल काढला. झेंडूच्या फुलांत, दिव्यांच्या झोतात, माझा व्हिव्हियनाइट बसला होता. मी त्याला इतक्या उजेडात कधीच बघितले नव्हते. खरे सांगतो, तो फार सुंदर दिसत होता. सगळा हॉल उठून उभा राहिला आणि सगळ्यांनी मोबाइल वर केले.

माझ्या जागी रुजू होणारी अश्विनी मला दिसली नाही. ती नको म्हणेल, म्हणून तिला सकाळीच माझ्या बायकोला आणायला पाठवले होते, हे मागाहून कळले.

आबासाहेब पुढे बोलतच होते. उजेड त्या दगडाला किती घातक आहे, हे ते अगदी बरोबर सांगत होते. मी इतकी वर्षे सांगितलेले सगळे त्यांनी लक्षात ठेवले होते, एक अक्षरही चुकले नाही. आणि दिवे दगडावर होते. आपल्याच सत्कारात मध्ये उठून बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. ज्या संस्थेने आजऱ्याच्या पोराला खुर्ची दिली, तिच्या अध्यक्षांना भर सभेत कसे थांबवायचे? मला इनामदार सर आठवले. आपण बघतो तेवढा तो कमी होतो. इथे चारशे माणसे बघत होती.

मी उठलो. नारळ खुर्चीवर ठेवला, खांद्यावरची शाल काढली आणि दगडावर घातली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आबासाहेबांनी माइक तोंडाजवळ ओढला. "बगा! मानाची शाल दगडाला दिली! ह्येला म्हणतात निष्ठा!"

पण सत्काराची शाल कशी असते, हे सत्कार झालेल्यांना माहीत असते. शालीतून दगड स्पष्ट दिसत होता. पिवळे झेंडू, हिरवी पाती, काळे टोक, सगळे. व्हिडिओवाला तर कॅमेरा घेऊन आणखी जवळ आला. शालीच्या जाळीतून दगड त्याला जास्तच छान दिसत होता.

मी दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि कोंबडी डालग्याखाली डालावी तसा तबकावर पालथा घातला.

आमच्याकडे फेटा उतरवणे ही साधी गोष्ट नाही. अध्यक्षांसमोर तर नाहीच. आबासाहेबांच्या हातात माइक तसाच राहिला. माझे उघडे टक्कल दिव्यांत चमकत असणार. सगळे माझ्याकडे बघत होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, तो बादलीतले मीठ शोधणारा.

"दर्शन बंद हाय! मागं सरा! व्हय ओ कॅमेरावालं, तुमाला येगळं सांगायचं काय? दिवं बंद करा!"

आणि दिवे बंद झाले. मोबाइल खाली आले. पुढच्या रांगेतल्या काही जणांनी हात जोडले. आबासाहेबांनी माइक ठेवला आणि वाकून फेट्याला नमस्कार केला.

दस्तगीर वर येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. हळूच म्हणाला, "आठवडाभर सोडू नगा म्हटलेलं मी."

"तुझी बांधणी घट्ट म्हणून," मी म्हणालो. "एक किरण आत गेला नसेल."

मी आणि अश्विनी दुसऱ्या दिवशी खिडक्या लावून बसलो. एका पात्याच्या कडेला मला किंचित निळी झाक वाटली. तिला ती दिसली नाही. तिचे डोळे तरुण आहेत. पण तिने तो आधी कधी बघितलेला नव्हता, त्यामुळे दोघांपैकी कुणाचे खरे हे कळायला मार्ग नाही. मी झाकण लावले, तिच्या हातात किल्ल्या दिल्या, दोन्ही, आणि सरांचे वाक्य तिला सांगितले. तिला मी तुम्ही म्हणालो.

खिशातला 'प्र' मात्र दिला नाही. तो अजून माझ्याकडे आहे.

आबासाहेब आता प्रत्येक भाषणात सांगतात, की आमच्या सरांनी निवृत्तीच्या दिवशी आपला फेटा दगडाच्या चरणी वाहिला. इतकी भक्ती त्यांनी पाहिली नाही. मी ते दुरुस्त करत नाही. त्यांच्याच सूचनेवरून तो फेटा आता संग्रहालयाच्या मधोमध काचेच्या पेटीत ठेवला आहे, चारही बाजूंनी दिवे सोडून. येणारे आधी तिथेच जातात, त्याच्यासोबत सेल्फी घेतात आणि समाधानाने घरी जातात. लोखंडी कपाटाकडे आता कुणी वळूनही बघत नाही.

परवा अश्विनीचा फोन आला. काळजीत होती. म्हणाली, "सर, दिव्यांनी फेट्याचा रंग उडायला लागलाय हो. गुलाबी पार फिका पडलाय. काय करू?"

मी म्हणालो, "उडू दे."